मल्लूकाकांचे सत्कारमूर्ती

आमच्या आईच्या कानातल्या यंत्राचा सत्कार झाला, तेव्हा सत्काराचं भाषण एकट्या आईलाच ऐकू आलं नाही. सत्कारमूर्ती कानातून काढून, ताटात टॉवेलावर बसवले होते आणि आई त्यांच्याविना नुसती सगळ्यांची तोंडं बघत होती. शेजारचे मल्लूकाका मात्र रंगात आले होते. ‘ह्या येवड्याशा शेंगदाण्यानं माउलीला पाखरांची किलबिल परत दिली,’ असं ते म्हणाले, हे मी आईला नंतर सांगितलं. हळद-कुंकू यंत्राच्या भोकात गेल्यामुळे तेही मला दोनदा ओरडून सांगावं लागलं.

मल्लूकाका मूळचे मंद्रूपचे. नवी पेठेत त्यांचं टॉवेल-टोप्यांचं दुकान होतं. आमच्या सोलापुरात टॉवेल-टोपी दिल्याशिवाय कुणाचं कौतुक पुरं होत नाही, त्यामुळे धंदा झकास चालला. पण जन्मभर पुढाऱ्यांच्या सत्काराचा माल विकून काकांचं मत पक्कं झालं होतं. ते म्हणायचे, इतक्या गळ्यांत टॉवेल पडले, पण एकानं बी कुणाची गुडघेदुखी घालवली न्हाय. जे घालवतंय त्याला घाला की. दुकान बंद करताना उरलेला माल त्यांनी घरी आणला तो यासाठीच. टोपी यंत्राला बसत नाही, म्हणून ती मालकाला. बाईमाणूस असेल तर खण.

पण सत्कार फुकटात मिळत नाही. बिल्डिंगमध्ये कुणाकडे दुखण्याखुपण्याचं नवं यंत्र आलं की काका चष्मा पुसत हजर होतात. कसं चालतं, सेल कुठं बसतो, भिजलं तर काय होतं, झोपेत टोचतं का, सगळं विचारतात. कंपनीचं माहितीपत्रक कुणी पुढं केलं तर ते बाजूला सारतात आणि म्हणतात, “त्ये ऱ्हाऊ द्या. परत काय दिलं, त्ये बोला.” वरच्या मजल्यावरच्या कुलकर्ण्यांनी दंडावर साखर मोजणारी चकती लावून घेतली. सुया वाचल्या, असं ते सांगू लागले, पण काकांचं समाधान होईना. शेवटी कुलकर्ण्यांनी बायकोकडे न बघता कबूल केलं की, आता आकडा बघून अर्धी शेंगापोळी खाता येते. काका म्हणाले, “छलो!” मंद्रूपकडच्या कानडीत पसंती याहून वर जात नाही. लगेच टॉवेल पडला. उलट दिवा, रेडिओ आणि भोंगा बसवलेली एक काठी ‘ही काठी न्हाय, जत्रा हाय’ म्हणून नापास झाली. माझ्या रक्तदाबाच्या यंत्राला तर त्यांनी चुगलखोर ठरवलं. ते मला जरा लागलं, कारण मी ते हौसेनं घेतलं होतं.

असा माणूस स्वतःच्या घरात आलेल्या यंत्राबद्दल गप्प बसला, तेव्हा मला चैन पडेना.

त्यांच्या बायकोला, गौराकाकूंना, कंपवात आहे. हात असे थरथरतात की घास तोंडाशी पोचायच्या आत ताटात सांडतो. त्यामुळे कित्येक वर्षं काकाच त्यांना भरवतात. घरात ते चालून जातं, पण चारचौघांत काकूंना मेल्याहून मेल्यासारखं होतं, म्हणून त्यांनी लग्नाकार्याला जाणंच सोडलं. आता मोडनिंबला त्यांच्या लाडक्या भाचीचं लग्न ठरलं होतं. पुण्याच्या लेकीनं मुद्दाम एक चमचा पाठवला होता. हाताची थरथर ओळखून तो आपला आपण सावरून घेतो म्हणे. मी टॉवेलाची वाट बघत होतो आणि खोकं कपाटावरच पडून होतं. विचारलं की काका म्हणत, जड हाय, सारखं चार्जिंगला लावावं लागतंय, आमटी सांडंल. न वापरता नापास केलेलं हे त्यांचं पहिलंच यंत्र. मला रागच आला. जिन्यात गाठून मी तसं बोललो, तेव्हा ते कठड्याला टेकले.

“मास्तर, तिचा हात तिला परत मिळाला, तर माजं काम काय उरलं?”

माझा राग तिथंच विरला. मला त्यांची फार माया आली.

पुढं लग्न चार दिवसांवर आलं असताना मी त्यांच्याकडे बसलो होतो. काका काकूंना भरवायला बसले, तर काकूंनी तोंड फिरवलं.

“साऱ्या सोलापूरला इचारत फिरता, परत काय दिलं म्हणून. मला कदी इचारलं, तुला काय परत पायजे? मला पंगतीला बसायचंय. माज्या हातानं जेवायचंय.”

काका उठले. त्यांनी खोकं काढलं, टॉवेल आणला, नारळ आणला. भाषण करायला उभे राहिले, पण ते तसंच सोडून त्यांनी चमचा काकूंच्या हातात दिला. दांडा थरथरत होता, चमच्याच्या टोकाची वाटी मात्र जागेवर होती. आमटी-भात तोंडात गेला. पहिल्या खेपेला थोडा पदरावर सांडला, दुसऱ्या खेपेला तेवढाही नाही. काका खाली वाकून चमच्याकडे बघत राहिले आणि शेवटी त्यांना राहवलं नाही. “ह्याला आतनं कळतंय तरी कसं गं?”

“त्ये मागनं बगा. आदी ताट वाढून घ्या,” काकू म्हणाल्या. “माज्यापायी रोज गार खाता. आज तरी गरम खावा की.”

काका ताट घेऊन शेजारी बसले. भात कालवला, घास केला आणि सवयीनं काकूंच्या तोंडापुढं नेला. लक्षात आलं तसा त्यांचा हात तिथंच अवघडला. काकूंनी चमचा खाली ठेवला आणि तोंड उघडलं.