फिलोमेनाबाईंची झडप

पाणी ही मुळातच कृतघ्न चीज आहे. नगरपालिका ते घरोघर पोहोचवते, आणि मुख्य नळातला दाब जरा उतरला की हेच पाणी अंगणातलं खत, औषध, कुत्र्याच्या आंघोळीचा फेस, जे सापडेल ते घेऊन आल्या पावली मागे फिरतं. म्हणून आमच्या ओहायोतल्या मार्लोफील्ड गावात नियम आहे: ज्याच्या हिरवळीला फवारे, त्याने पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी पितळी झडप बसवावी आणि दरवर्षी मे संपण्याआधी तपासून घ्यावी. नियम उत्तम आहे. (मी त्याविरुद्ध एक शब्द ऐकून घेणार नाही.)

अधिकृत तपासनीस एकच, गार्थ लुंडक्विस्ट. तो वर्षभर मासे पकडतो आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात त्याला जेवायला फुरसत नसते, कारण मुदत ही संपायच्या दिवशीच पाळायची असते, अशी गावाची श्रद्धा आहे.

माझ्या शेजारच्या फिलोमेना डुबिकींकडे फवारे नाहीत. नवरा गेल्यावर बाईंनी हिरवळ उखडून टोमॅटो लावले. झडप मात्र राहिली, कशाचंही रक्षण न करता, इमानाने. ती काढायला परवानगी मिळते. अट एवढीच, की आधी ती तपासणीत पास व्हावी. (बिघडलेली झडप काढणं धोक्याचं.)

यंदा गार्थ त्यांच्या दारी पोहोचला तेव्हा जून लागला होता आणि मुदत चुकली म्हणून नगरपालिकेने पाणी तोडलेलं होतं.

"मॅडम, नळाला पाणी नाही. तपासू काय, कप्पाळ?"

"अरे, तपासलं नाही म्हणूनच तोडलंय ना!"

"त्यांचं बरोबर आहे. माझंही बरोबर आहे."

"शनिवारी ब्रिजेटची शाळा संपल्याची मेजवानी आहे. एकुलती एक नात माझी! पाहुण्यांनी हात काय माझ्या डोळ्यांतल्या पाण्यात धुवायचे?"

"त्याला झडप लागत नाही, मॅडम," गार्थ म्हणाला आणि पुढच्या घरी गेला.

मग पलीकडचा वर्न हॅथवे शेजारधर्माला जागला. त्याने आपल्या बाहेरच्या नळाला दुतोंडी जोड लावला. एक नळी कुंपणावरून बाईंच्या घराला, दुसरी त्याच्या हिरवळीवर निळं खत फवारणाऱ्या बाटलीला. वर्नच्या फवाऱ्यांची झडप नुकतीच पास झाली होती. बाहेरच्या नळाबद्दल नियमात काही नाही, त्यामुळे सगळं कायदेशीर होतं.

शनिवारी अग्निशमन दलाने कोपऱ्यावर सराव म्हणून बंबाचा नळ उघडला. दाब उतरला, निळं खत जोडापर्यंत मागे फिरलं आणि दाब परत येताच दुसऱ्या नळीतून बाईंच्या स्वयंपाकघरात आलं. पिवळं लिंबू सरबत हिरवं झालं. ब्रिजेटच्या शाळेचा रंग हिरवा, तेव्हा पाहुण्यांनी आजीच्या हौसेला टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. पहिला पेला अर्थात ब्रिजेटचा.

"आजी, याला कसला गं वास येतोय?"

"थुंक! आधी थुंक ते!" बाईंनी पेला हातातून उडवला. पोरगी वाचली, कारण तिला लहानपणापासून सरबत आवडत नाही.

सोमवारी नगरपालिकेने तातडीने पाणी सोडलं, कारण खताने भरलेल्या नळ्या धुवायला पाणी लागतं. संधी साधून गार्थने झडप तपासली. पास! घरातलं खत गावात न गेल्याबद्दल तिचं कौतुकही झालं. (पाणी मुळात तोडलेलं होतं, हा तपशील विनयाने वगळण्यात आला.)

"आता तरी काढा ती," बाई म्हणाल्या.

"आता कशी काढू? तुमच्या घरात खत सापडलंय, मॅडम. आता तपासणी वर्षातून दोनदा."

तुम्हाला हसू आलं असेल. खुशाल हसा. हसून झालं की न्हाणीघरात जाऊन या. नळाला लावलेली नळी बादलीत बुडालेली असेल, बादलीत सकाळपासून कपडे भिजत असतील, आणि थोड्या वेळात तुमच्याकडचं पाणी जाईल. जाताना ते नळीतून काय ओढून नेतं, ते शेजाऱ्यांना विचारू नका. ते चहा पिताहेत.