बारशाला न बोलावलेले बिराप्पाअण्णा

बारशाला गेलेला माणूस पाळण्यात डोकावतो, लेकराचं कौतुक करतो आणि घुगऱ्या खायला बसतो. आमचे शेजारी बिराप्पाअण्णा मात्र लेकरू उचलून थेट अंगणात उन्हात नेतात. आजी पदर खोचून मागे धावते, बाया ओरडतात, आणि अण्णा लेकराच्या डोळ्यांत बघत शांत उभे! ‘आधी उजेड, मग घुगऱ्या,’ एवढंच म्हणतात.

हुलसुरात त्यांना कुणी बारशाचं आवतण देत नाही. तरी ते येतातच. जन्मभर बसमध्ये कंडक्टरकी केलेल्या माणसाला गर्दीत घुसायला शिकवावं लागत नाही.

सोयरिकीतही तेच. आमच्याकडे नात्यातच मुलगी द्यायची रीत. सुपारी फुटायची वेळ आली की अण्णा विचारणार, ‘नातं काय लागतंय? घरात काचबिंदू हाय का कुणाला?’ बसवकल्याणच्या एका वरबापानं त्यांना चष्म्याच्या दुकानाचा दलाल समजून हाकललं होतं. माझी लेक रेखा मी सख्ख्या बहिणीच्या मुलाला दिली, तेव्हा मलाही त्यांनी विचारलं. मी त्यांना पंगतीला बसवून विषय मिटवला.

गेल्या वर्षी रेखाला मुलगी झाली. डोळे एवढे मोठे, की बाया कानशिलावर बोटं मोडून दृष्ट काढायच्या. तिसऱ्या महिन्यात बारसं घातलं. मी पुढच्या दारात आडवा उभा, तर अण्णा मागच्या दारानं आत! पोरीला उन्हात नेल्याबरोबर तिनं डोळे गच्च मिटले आणि पाणी वाहायला लागलं.

‘गुरुजी, हे डोळे मोठे न्हाईत, ताणायलेत. आत पाणी तुंबलंय. काचबिंदू हाय. आजच दवाखान्याला न्या.’

म्हाताऱ्यांचा आजार तीन महिन्यांच्या पोरीला? भर बारशात असलं अभद्र? मी त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं.

रेखानं मात्र ऐकलं नाही. दुसऱ्याच दिवशी आम्ही कलबुर्गीला गेलो. डॉक्टरांनी पोरीला भूल देऊन डोळ्यांतला दाब मोजला. अण्णांचं खरं निघालं. ‘आई-बाप दोघांतही एकच दोष लपलेला असतो,’ डॉक्टर म्हणाले. ‘त्यांना काही होत नाही. पण नात्यात लग्न झालं की तो लेकरात उतरायची भीती वाढते. नुसत्या थेंबांवर भागणार नाही, ऑपरेशन करून पाण्याला वाट द्यावी लागेल. उशीर केला असता तर नजर गेली असती.’ ही सोयरीक मीच जुळवली होती.

दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. तपासण्या आता जन्मभर. पोर बरी झाल्यावर तिला घेऊन मी अण्णांकडे माफी मागायला गेलो. त्यांनी तिच्यासमोर बोट फिरवलं. पोरीची नजर बोटामागे फिरली.

‘दिसायलंय,’ म्हणाले आणि मटकन खाली बसले.

अण्णांची लेक, बेबीअक्का, कलबुर्गीला अंधशाळेत शिकवते. ती जन्मापासूनच आंधळी, असं आम्ही सगळे समजत होतो.

‘न्हाई गुरुजी, वर्षाची होस्तोवर दिसत होतं तिला. मला बघून हसायची. माझी बायको म्हंजे माझ्या अक्काचीच पोरगी. लेकीचे डोळे बी असेच मोठे. उन्हात रडायची, तर मी म्हणायचो, नाजूक हाय. डोळे बघूनच शाळेतलं नाव ठेवलो, सुनयना.’

मी पोरीला त्यांच्या मांडीवर ठेवलं.

‘असलं नाव कामून ठेवलं म्हणून अजून एकदा बी विचारली न्हाई ती मला,’ अण्णा म्हणाले.