उमापुरातलं ईलिंग

तळ्याच्या कामाचा इंजिनियर ब्राऊन साहेब मूळचा ईलिंगचा आहे, असं त्याच्या पट्टेवाल्याने जाता जाता सांगितलं आणि सुंदरराव देशमुखांच्या बशीतला चहा त्यांच्या धोतरावर सांडला.

"कुठला म्हणालास?"

"ईलिंगचा, जी. लंडनच्या कडंला हाय म्हणत्यात. तुमी बी तितंच व्हतात न्हवं? म्या सांगितलं साहेबाला. लई खूश झाला. उद्या तळ्याची जागा बघाया येतोय, तर म्हणला, आधी त्या देशमुखालाच भेटतो."

पट्टेवाला गेला आणि सुंदररावांनी उद्या आजारी पडायचं ठरवलं. पण तीही सोय उरली नव्हती. त्यांचे वडील रामहरी देशमुख तेवढ्यात गावभर सांगून आले होते की साहेबाशी बोलायला दुभाष्या म्हणून आपला सुंदरच उभा राहणार.

सुंदरराव बॅरिस्टर व्हायला विलायतेला गेले होते आणि दोनेक वर्षांनी न होताच परत आले होते. तिथे ते ईलिंग नावाच्या उपनगरात एका म्हाताऱ्या बाईकडे भाड्याने राहत. थंडी इतकी की दुलईबाहेर पडणं फारसं झालंच नाही. त्यामुळे त्यांना ईलिंगची खोली आणि तिच्या भिंतींना चिकटवलेला नक्षीचा कागद तेवढा चांगला माहीत होता. उमापुरात आल्यावर मात्र लोकांनी विचारलं आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. ईलिंग राजाने खास गुलाबांसाठी वसवलं. तिथे सगळे सरदार राहतात. रस्ते रोज ओल्या फडक्याने पुसतात. शेण हा पदार्थ तिथल्या माणसाने जन्मात पाहिलेला नाही.

नुसतं सांगून थांबले असते तरी चाललं असतं. पण सांगता सांगता त्यांना स्वतःलाच ते पटलं. मग त्यांनी गावाच्या गायरानाला बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं, आत गुलाबाच्या काड्या लावल्या आणि त्या जागेला 'न्यू ईलिंग' असं नाव दिलं. म्हाळू धनगर विचारायला आला, "धाकले मालक, कावून बंद केलं? शेरडं कुटं चारावी आमी?"

"ओढ्यापल्याड ने," सुंदरराव म्हणाले होते. "ईलिंगात शेरडं नसतात."

ओढ्यापल्याड दगड होते. म्हाळूच्या शेरडांच्या बरगड्या दिसायला लागल्या. पण देशमुखांच्या लेकाला कोण बोलणार?

दुसऱ्या दिवशी साहेब घोड्यावरून आला. लाल चेहऱ्याचा, पांढऱ्या मिशांचा, वयस्क माणूस. सगळं गाव कुंपणाशी जमलं. कोट घातलेल्या सुंदररावांनी इंग्रजीतून स्वागत केलं आणि साहेबही इंग्रजीतून म्हणाला, "वा. हे तर अगदी आमच्या गावच्या माळासारखं आहे. पण गाई कुठे गेल्या?"

सुंदरराव गावाकडे वळले. "साहेब म्हणतात, हे हुबेहूब ईलिंग आहे. गुलाब फार छान फुललेत."

गावाने गुलाबांकडे पाहिलं. एकाही काडीला कळी नव्हती.

"आमची सगळी गुरं पहाटे त्या माळावर सुटायची," साहेब पुढे म्हणाला. "माझा बाप गवळी होता."

"साहेबांचे वडील," सुंदररावांनी घाम पुसला, "मोठे सरदार होते."

तेवढ्यात म्हाळू पुढे झाला. "मालक, साहेबाला इचारा की, आमची शेरडं कुटं चारावी."

सुंदरराव साहेबाला इंग्रजीत म्हणाले, "हा म्हणतोय, आज हवा छान आहे."

साहेबाने डोक्यावरची टोपी काढली आणि सावकाश दख्खनीत बोलला, "इसने शेरडं बोला. हवा कहाँ बोला?"

सुंदररावांनी कोटाची बटणं लावायला घेतली.

"सारी उमर निजाम सरकार की नौकरी में गई मेरी," साहेब म्हणाला. "शेरडं मालूम है मेरे कू. तुमने अंग्रेजी में शुरू किया, तो मैं समझा तुमकू शौक है."

मग तो म्हाळूशेजारी जमिनीवरच बसला आणि त्याने ईलिंगची हकीकत सांगितली. आधी ते खेडंच होतं. लंडनच्या घोड्यांची लीद गाड्या भरभरून तिथे यायची आणि तिच्यावर भाजीपाला पिकायचा. पुढे रेल्वे आली आणि रेल्वेतून बाबू आले. "उनकू दूध होना, गाय नक्को. बू आती बोले. बाप ने गायां बेच डाले. मैं इधर आ गया."

"म्हंजे तितं बी असंच झालं," म्हाळू म्हणाला.

"हौ," साहेब म्हणाला आणि कुंपणाकडे बघत राहिला.

रामहरी देशमुख सगळं ऐकत उभे होते. त्यांनी गड्याला कुंपण काढायला सांगितलं आणि लेकाला बाजूला घेतलं.

"सुंदर, दोन वरसं तू नेमका व्हतास कुठं?"

"ईलिंगातच, आबा."

"मग एक बी गाय दिसली न्हाई?"

"थंडी लई व्हती."

शेरडांनी गुलाबाच्या काड्या दोन घटकांत संपवल्या. तेव्हापासून ईलिंगची माहिती हवी असली की गाव म्हाळूकडे जायला लागलं. साहेब त्याच्या शेजारी बसला होता, दुसऱ्या कुणाच्या नाही. म्हाळू संध्याकाळी शेरडं आणून बांधी आणि पारावर सांगायला बसे. सुरुवातीला तो साहेबाचंच सांगायचा. पण ऐकणारे वाढले तशी हकीकतही वाढली. ईलिंगात गाईंना लोकरीची झूल घालतात. तिथल्या गुराख्याला शिपाई सलाम ठोकतात. एकदा तर खुद्द राणी चरवी घेऊन धार काढायला बसली होती.

"ह्ये काय खरं वाटत न्हाई बे," बद्रीनाथ तेली म्हणाला.

"न्हाई वाटत?" म्हाळूने रस्त्याकडे बोट केलं. सुंदरराव खाली मान घालून घरी चालले होते. "त्ये तितं राहून आलेत. इचार त्यांना."

सगळ्यांनी माना वळवल्या. सुंदरराव थांबले. खोटं आहे म्हणावं, तर मग खरं काय ते सांगावं लागलं असतं.

"खरं हाय," ते म्हणाले. दोन पावलं पुढे गेले. पण त्यांना राहवलं नाही. ते माघारी फिरले आणि पारावर म्हाळूच्या शेजारी टेकले.

"फक्त ती राणी नव्हती," त्यांनी सांगितलं. "राणीची धाकटी बहीण होती."