डाव्या डोळ्यातली लेन्स

वस्तादांच्या शोकसभेला निघायच्या आधी भिंग स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी उभा राहून स्वतःच्याच डोळ्यात बोट घालत होता. आरसा साखरेच्या डब्याला टेकवला होता. बाथरूमच्या दिव्यात त्याला स्वतःचा डोळाच नीट दिसेना, म्हणून मुक्काम इथे हलवला होता. शेजारी बायको डब्यासाठी कांदा चिरत होती आणि नवऱ्याकडे बघायचंच नाही असं ठरवून पुन्हा पुन्हा बघत होती.

भिंग हे काही त्याचं खरं नाव नव्हे. औषधाच्या बाटल्या बनवणाऱ्या कारखान्यात तो तपासनीस होता. उजेडाच्या पेटीसमोरून पट्ट्यावर बाटल्या सरकत जायच्या, त्यातली तडा गेलेली उचलून बाजूला टाकायची, एवढंच काम. तरुणपणी केसाएवढा तडासुद्धा त्याच्या नजरेतून सुटत नसे, तेव्हा हे नाव पडलं. नाव टिकलं, नजर टिकली नाही. गेली कित्येक वर्षं त्याचा नंबर वाढत होता आणि तो मात्र जुनाच पातळ काचांचा चष्मा नाकावर चढवून कामाला जात होता. कारण मालकांचा नियम होता की ठरावीक नंबराच्या पुढे गेलेला माणूस पट्ट्यावर नको, त्याने पॅकिंगला जावं. पॅकिंगला, म्हणजे खोक्यांना चिकटपट्टी लावायला.

आणि आता, परवा रात्री, मुख्य तपासनीस वस्ताद गेले होते. निवृत्तीचं वय उलटून गेलं तरी या माणसाने खुर्ची सोडली नव्हती आणि त्यांच्या हाताखाली भिंग अर्धा म्हातारा झाला होता. बातमी कळली तेव्हा त्याच्या मनात पहिला विचार आला तो खुर्चीचा. असा विचार आपल्या मनात यावा याची लाज दुसऱ्या क्रमांकावर आली आणि फार वेळ थांबली नाही. नवा मुख्य तपासनीस कोण, हे मालक शोकसभेनंतर सांगणार होते, आणि त्या वेळी आपले डोळे कसे तरतरीत दिसावेत अशी भिंगची इच्छा होती.

लेन्स आणल्या होत्या मेव्हण्याने. तो चष्म्याच्या दुकानात कामाला होता आणि एक दिवस वापरून फेकून द्यायच्या या नव्या प्रकारच्या लेन्सची एक जोडी त्याने "घालून तर बघा" म्हणत भावोजींच्या हातावर ठेवली होती. एका दिवसात फेकायची, हे बायकोला मुळीच पटलं नव्हतं. तिच्या घरात प्लास्टिकची पिशवीसुद्धा धुऊन वाळवून चार वेळा वापरल्याशिवाय कचऱ्यात जात नसे. धुऊन उद्या परत घातली तर लेन्सला काय कळणार आहे, असं तिने विचारलं. भाऊ म्हणाला, ताई, डोळा जाईल. मग आज कसा जात नाही, असं तिने विचारल्यावर त्याने विषय बदलला.

बऱ्याच झटापटीनंतर उजव्या डोळ्याची लेन्स एकदाची बसली. भिंगने खिडकीबाहेर पाहिलं तर समोरच्या भिंतीवरची वीट न् वीट वेगळी दिसत होती. मग त्याने बायकोकडे पाहिलं. किती वर्षांनी तिचा चेहरा त्याला धड दिसला. तीही म्हातारी झाली होती. हे बोलून दाखवण्याइतका तो मूर्ख नव्हता.

डावी लेन्स मात्र बोटावरून टुणकन उडाली.

"हलू नकोस," भिंग ओरडला.

बायको सुरी हवेत धरून पुतळ्यासारखी उभी राहिली. भिंगने उजवा डोळा ओट्याला जवळजवळ लावला आणि तो इंच इंच पुढे सरकू लागला. मग जमीन झाली. मग साखरेच्या डब्याचं झाकण झालं. शेवटी बायकोच कंटाळली आणि हलायची परवानगी न घेता हलली, तेव्हा नळापाशी, ओट्याला चिकटलेलं एक पातळ, पारदर्शक, वाटोळं काहीतरी तिला दिसलं. तिने ते नखाने अलगद सोडवलं. भिंगने ते धुतलं, मेव्हण्याने शिकवलं होतं तसं पापणी वर ओढून डोळ्यात घातलं, आणि त्याच्या डोळ्यापुढे काजवे चमकले.

त्याने मेव्हण्याला फोन लावला. मेव्हणा गिऱ्हाइकात होता. म्हणाला, "पहिल्या दिवशी थोडं चुरचुरतं, भावोजी. चोळू नका. सवय झाली की डोळ्यात काही आहे हे कळतसुद्धा नाही."

सवय करून घेत घेत भिंग कारखान्यात पोचला. पट्टा बंद होता, सगळे सभेच्या तयारीला गेले होते. त्याने सहज म्हणून, नव्या नजरेची परीक्षा घ्यावी म्हणून, काल स्वतःच पास केलेली एक पेटी उघडली. डावा डोळा तळहाताने झाकला आणि उजव्याने एक बाटली उजेडासमोर धरली. गळ्यापाशी बारीकसा तडा होता. दुसरी ठीक होती. तिसरीच्या बुडाशी तडा होता. अजून दोन सापडल्यावर त्याने पुढे बघायचं बंद केलं. बाटल्या औषधाच्या होत्या, कुणाच्या तरी आजारी पोरासाठी उघडायच्या. आणि तरी इतक्या वर्षांत त्याच्या कामाची एकही तक्रार कशी आली नव्हती, हे त्याला कळेना. तडे गेलेल्या बाटल्या त्याने खिशात घातल्या, कारण त्या कुठे ठेवाव्यात हे सुचेना.

सभा पॅकिंगच्या हॉलमध्ये होती. खोकी भिंतीला सरकवून खुर्च्या मांडल्या होत्या आणि समोर वस्तादांचा फोटो होता. भिंग आत शिरला तेव्हा त्याच्या डाव्या डोळ्यातून धार लागली होती. एका डोळ्याचं बघून दुसऱ्यानेही सुरू केलं होतं. लोक बाजूला होऊन त्याला वाट देऊ लागले. एरवी कधी न बोलणारा पहारेकरी त्याच्या पाठीवरून हात फिरवून गेला. पट्ट्यावरचा दुसरा तपासनीस, ज्याला सगळे धाकटा म्हणत आणि ज्याचाही त्याच खुर्चीवर डोळा होता, तो पहिल्या रांगेत बसला होता. त्याने भिंगकडे पाहिलं, चेहरा पाडला, नाक ओढलं, रुमाल काढला. पण डोळे काही केल्या ओले होईनात.

धाकट्याने आधी भाषण केलं. चांगलं केलं, पाठ होतं. मग भिंगचं नाव पुकारलं. त्यानेही वस्तादांची शिस्त, वस्तादांचं मार्गदर्शन वगैरे मनाशी जुळवून ठेवलं होतं. पण उभं राहिल्यावर दिव्याचा झोत नेमका डोळ्यावर आला आणि आतून कुणी सुई फिरवावी तशी कळ उठली. "वस्ताद मला..." एवढंच तो म्हणाला, आणि डोळा दाबून मटकन खाली बसला. वस्तादांची बायको तोंडाला रुमाल लावून रडू लागली. मालकांनी चष्मा काढून पुसला.

मालक उठले आणि म्हणाले की हे आपण नंतर सांगणार होतो, पण आत्ता जे पाहिलं त्यानंतर थांबण्यात अर्थ नाही. वस्तादांची खुर्ची आजपासून भिंगची. आता शोकसभेत टाळ्या वाजवायच्या की नाही, हे कुणालाच ठरवता येईना. मागून एकाने दोन वाजवल्या आणि शेजाऱ्याने कोपर मारल्यावर थांबवल्या.

एवढ्यात भिंगच्या खिशात फोन थरथरला. तो हॉलच्या कोपऱ्यात गेला.

"अहो, लेन्स सापडली," बायको म्हणाली. "माझ्या बाहीला चिकटली होती."

भिंगने डाव्या डोळ्यावर हात ठेवला. "मग डोळ्यात काय आहे?"

"मी कांदा चिरत होते ना," ती हळूच म्हणाली. "पापुद्रा असेल आतला."

भिंग मोरीकडे धावायला वळला तर वाटेत वस्तादांची बायको उभी. तिला टाळून जाणं शक्य नव्हतं. तिने त्याचा हात हातात घेतला आणि त्याच्या गळणाऱ्या डोळ्यांकडे पाहत राहिली.

"तुम्हाला इतकं लागेल असं वाटलं नव्हतं," ती म्हणाली. "हे म्हणायचे, भिंगचा माझ्यावर राग आहे."

"नाही हो, वहिनी."

"असू दे. असणारच. मी पण ह्यांच्या मागे लागायचे, की सोडा ती खुर्ची, गुडघे गेलेत, घरी बसा. तर म्हणायचे, मी उठलो तर त्याच्या पेट्या कोण बघणार? रोज सगळे गेल्यावर थांबायचे. तुमच्या पेट्या उघडायच्या, तडे काढायचे, परत बंद करायच्या. म्हणायचे, त्याला दिसत नाही गं, आणि मी बोललो तर तो खोक्यांना पट्ट्या लावत बसेल. मानी माणूस आहे, मरेल." तिने हात सोडला. "आता तुमचे डोळे बरे झाले असतील ना? आता तर तुम्हीच मुख्य."

भिंगला वस्ताद उशिरापर्यंत थांबताना दिसायचे. मालकांपुढे मिरवायला थांबतो म्हातारा, असं त्याने बायकोला, मेव्हण्याला, पहारेकऱ्याला, ऐकेल त्याला सांगितलं होतं. मोरीत जाऊन त्याने डाव्या डोळ्यातलं ते काढलं. उजवी लेन्सही काढली. पाणी मारलं. मग तो तसाच, भिंतीला हात लावत, मालकांच्या खोलीत गेला.

"मालक, मला दिसत नाही."

मालकांनी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाले, की डोळे असे भरून आल्यावर कुणाला दिसणार, दोन दिवस घरी राहा. भिंग म्हणाला की तसं नाही, नंबर वाढलाय, खूप वर्षं झाली. मालक समजूतदारपणे हसले. आपण त्या खुर्चीच्या लायक नाही असं अशा वेळी वाटतंच, वडील गेले तेव्हा मलाही वाटलं होतं, असं ते म्हणाले. दुःखी माणसाचं काही खरं मानायचं नसतं, हे त्यांनी पक्कं धरून ठेवलं होतं. शेवटी भिंगने मुठीतला ओला पापुद्रा त्यांच्या टेबलावर ठेवला.

"हा कांदा आहे," तो म्हणाला. "सकाळपासून डोळ्यात होता. मी वस्तादांसाठी रडत नव्हतो."

मालकांनी कांद्याकडे पाहिलं. मग भिंगकडे पाहिलं. त्याच्या गालांवरून पाणी वाहतच होतं.

"कांदा तर टेबलावर आहे," मालक म्हणाले. "मग आता हे काय आहे?"

भिंगला हुंदका फुटला, चांगला मोठा, लहान पोराचा फुटतो तसा, आणि एकदा सुरू झाल्यावर थांबेना. मालक उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले. बऱ्याच वेळाने भिंगने खिशातल्या तडा गेलेल्या बाटल्या काढून एकेक करून कांद्याशेजारी मांडल्या. मालकांनी त्या उजेडात धरून पाहिल्या, आणि मग मात्र त्यांनी दुःखाचं नाव काढलं नाही. कालपासूनचा सगळा माल परत तपासायला लावला आणि भिंगला सांगितलं, की उद्यापासून पॅकिंगला जा, आणि येताना खरा चष्मा घालून ये.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी डावा डोळा तपासून लेन्स कायमची बंद केली. डोळ्यात नक्की काय गेलं होतं असं त्यांनी विचारलं, तेव्हा बायकोने बाहेर जाऊन बसणं पसंत केलं. सापडलेली लेन्स तिने एका वाटीत पाण्यात घालून ठेवली होती, न जाणो कधी लागली तर. मेव्हणा पुढे बरेच दिवस घरी फिरकला नाही.

पॅकिंगमध्ये पहिल्या दिवशी भिंगच्या जाड काचांकडे सगळ्यांनी बघून घेतलं आणि नंतर कुणी बघेना. मरेल, असं वस्ताद म्हणाले होते. भिंग काही मेला नाही. जेवला, चहा प्याला, खोक्यांना पट्ट्या लावल्या. एक खोकं बंद करता करता त्याला आतल्या बाटलीच्या खांद्यावर तडा दिसला. लांबलचक, ठसठशीत तडा. खुर्ची आता धाकट्याकडे गेली होती आणि बाटली त्यानेच पास केलेली होती. वस्ताद असते तर त्यांनी बाटली गुपचूप बाजूला टाकली असती, हे भिंगला ठाऊक होतं, आणि आपणही तसंच करावं असं त्याने प्रामाणिकपणे ठरवलं. पण तो वस्ताद नव्हता. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्याने कशीबशी कळ काढली, आणि मग हॉल ओलांडून गेला आणि चारचौघांत बाटली धाकट्यापुढे ठेवली.

"हा तडा बघ."

धाकट्याने बाटली उचलली. उजेडासमोर धरली, फिरवली, नाकाशी नेली, लांब धरली, पुन्हा फिरवली. त्याच्या कपाळावर घाम आला होता. त्याने आजूबाजूच्या लोकांकडे एकदा पाहिलं आणि खालच्या आवाजात विचारलं, "कुठाय, काका?"

भिंग त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. चष्म्यातून ते त्याला फार स्वच्छ दिसत होतं. मग त्याने बाटली परत घेतली.

"नाहीये," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "माझ्याच चष्म्याला चरा गेलाय."

संध्याकाळी त्याने बायकोला फोन करून सांगितलं, की जेवून घे, आजपासून मला यायला जरा उशीर होत जाईल.