चांगली तेवढी ठेवा

"मावशी, चांगली तेवढी खोक्यात भरा, बाकीची टाकून द्या," एवढं सांगून आराधना तान्ह्या एलियाला झोपवायला आत गेली आणि तिथेच घोटाळा झाला.

आराधना चिनी मातीची भांडी घडवायची ती मुद्दाम झिजल्यासारखी. अंगावर तडे, वाळवीनं खाल्ल्यासारख्या कडा, पाणी ठरणार नाही अशी भोकं. पोर झोपलं की हात मातीत, उठलं की हात धुवायचे. अशानं वर्षभरात मनासारखी चारच उतरली होती, आणि ती न्यायला पुण्याच्या प्रदर्शनाची गाडी अकरा वाजता श्रीरामपुरात येणार होती.

साडेदहाला तिनं खोकं उघडलं. आत पाच भांडी, एकजात गुळगुळीत. म्हणजे बिघडलेली.

"मावशी, तडे गेलेली कुठंयत?"

"घंटागाडीत दिली," धुणीभांडी करणाऱ्या साळूबाई म्हणाल्या. "रोज पुसताना माजा जीव तुटायचा ताई. एवढी शिकलेली बाई, अन् एक भांडं धड न्हाई."

आराधना पोर काखोटीला मारून पळत सुटली. मागून साळूबाई, साबणाच्या हातांनी. "रडू नका ताई. लई तर लई, दुसरी फोडू आपन."

घंटागाडी चर्चच्या कोपऱ्यावर सापडली. चालक गहिनीनाथनं स्पीकर बंद केला.

"ओल्या कचऱ्यात फुटकं चालत न्हाई. ह्या मावशीला किती येळा सांगितलं. सीटखाली ठिवलंय टोपलं."

टोपल्यात तीन होती. चौथं समोरच्या काचेपाशी, आणि त्याच्या भोकांत दोन उदबत्त्या जळत होत्या.

"वासाचं काम हाय आमचं," तो ओशाळून म्हणाला. "पन भोकं बाकी मापात पाडलीत."

तिच्या कामाची गावातली ही पहिली तारीफ. आराधनाला रडू आवरून हसू आलं.

घरी तिनं एकेक भांडं फिरवून पाहिलं. एकाची कड जरा जास्तच खाल्लेली वाटली. हा टवका गाडीत उडाला, की तिनंच काढलेला? तिचं तिलाच सांगता येईना.

साळूबाईंनी नेमकं बोट ठेवलं. "ह्यो नवा हाय. बाकीचे समदे पाठ हायेत मला."

"वाईट दिसतोय का?"

साळूबाईंनी मान तिरकी करून पाहिलं. "न्हाई. मिसळून गेलाय त्यांच्यात."

बाहेर पुण्याच्या गाडीचा हॉर्न वाजला. साळूबाईंनी एलियाची दोन दुपटी ओढली आणि फुटकी भांडी, कडा जपत, गुंडाळायला घेतली.