तिसऱ्या दरवाजाच्या टिकटिकीची हकीकत

श्री. जो सर्व यंत्रांचे उदरी तेलरूपाने वसतो, ज्याचे कृपेने पहिल्याच फेऱ्यास ठिणगी पडते आणि ज्याची मर्जी फिरली असता भर चढणीवर गाडी मान टाकते, त्यास प्रथम वंदन. शके एकोणीसशे चाळीस, विलंबी नाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासापासून पुढे जे वर्तमान घडले ते ऐकिले तैसे लिहिले आहे. अधिक-उणे वाचणाराने सांभाळून घ्यावे.

एक राज्य होते. विस्तार म्हणाल तर मध्ये तीन खोल्या, पुढे अंगण आणि मागे पत्र्याची शेड. आणि प्रजा म्हणाल तर राजा तोच. राजाचे नाव अच्युतराव कारखानीस. पूर्वी पाटबंधारे खात्यात नकाशे काढीत, मग सेवानिवृत्त जाहले, आणि मग राणीसाहेब नलिनीबाई कैलासवासी जाहल्या, आणि तेव्हापासून राज्यात चहा एकच कप होऊ लागला. शेडीत राखी रंगाची एक जुनी मोटार होती, तिचे बॉनेटवर राणीसाहेबांनी लोणच्याच्या बरण्या धुवून वाळत ठेवाव्या, याउपर तिचा उपयोग नव्हता. एके दिवशी राजांचे मनात आले की हिचे इंजिन नव्याने बांधावे, आणि मग बाबालाल मुजावर मिस्त्री, जुन्या इंजिनांचे मोठे जाणते, यांस बोलावणे गेले, आणि मिस्त्री खांद्यावर हत्यारांची पिशवी घेऊन आले, आणि गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालून वदले, "साहेब, ही गाडी न्हाई, हे कोंबड्यांचं खुराडं हाय."

मग दर रविवारी सकाळी मिस्त्रींची स्वारी येऊ लागली, आणि इंजिन उतरले, आणि त्याचा एकेक अवयव रॉकेलने न्हाऊन वर्तमानपत्रावर मांडला गेला, आणि चहा दोन कप होऊ लागला. त्या इंजिनात पिस्टन नावाचे चार सरदार चार कोठड्यांत राहत. दर सरदारास दोन दरवाजे, एक आत येण्याचा आणि एक धूर घालविण्याचा, ऐसे दरवाजे आठ. त्यांस, म्हणजे व्हॉल्व्हांस, मिस्त्रीलोक वॉल म्हणतात. दरवाजावर टपली मारून तो उघडणारा जो चोपदार, त्याचे आणि दरवाजाचे मध्ये केसभर फट राखावी लागते. फट न राखिली तर दरवाजा जळतो, आणि अधिक राखिली तर सारा वेळ टिक टिक वाजतो. ही फट मापण्याचे काम दोघांचे. एकाने पुढे उभे राहून हँडलाने इंजिन हळूहळू फिरवावे, दुसऱ्याने वाकून पाहावे, आणि जो दरवाजा पुरता उघडला त्याचा अंक नवांतून वजा करावा. जो उरेल तो पुरता मिटलेला, त्याची फट मापावी. हँडलास खासा राजे. मिस्त्री वाकलेले असत तेथून आरोळी ठोकीत, "थांबा! सहा उघडा!" आणि राजे जाब देत, "तीन मिटला!" आणि मिस्त्री म्हणत, "तीन घेतो." हा सवाल-जबाब चालला असता शेडीत दरबार भरल्यासारखा वाटे, आणि अच्युतरावांस ते सर्व आठवड्याचे बोलणे पुरे.

मग इंजिन सिद्ध जाहले, आणि चालू केले तो ऐसे चालले की जैसे मांजराने उन्हात निजावे आणि घुरघुरावे. मिस्त्रींनी हात पुसले, पेढा तोंडात टाकिला आणि म्हणाले, "झालं साहेब. आता माझं काय काम न्हाई हितं." आणि पिशवी उचलून कूच केले. हे वाक्य राजांनी त्या आठवड्यात फार वेळा ऐकिले. म्हणणारे कोणी नसता ऐकिले. पुढील रविवारी फोन केला की चहास यावे. मिस्त्री म्हणाले, "बघू की साहेब." आणि "बघू की" याचा अर्थ सर्व राज्यांत एकच आहे. राजांनी दोन कप मांडिले होते, त्यातील एक पुन्हा फळीवर पालथा घातला. मग शेडीत गेले, वरचे झाकण काढिले, आणि पाना घेऊन तिसऱ्या दरवाजाचा नट, आपले हाताने, किंचित ढिला केला.

टिक टिक टिक. फोन गेला, "मिस्त्री, आवाज येतोय." "कसला आवाज?" "टिकटिक." अर्ध्या तासात मिस्त्रींची स्वारी दारी हजर, शर्टाचे बटण लावायचे राहिलेले. मग मोठी मसलत जाहली. मिस्त्रींनी पंख्याचा पट्टा काढून ऐकिले, टिकटिक कायम, एकेक प्लगाची वायर उपटून ऐकिले, कायम, लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक इंजिनास आणि मूठ कानास लावून डोळे मिटिले आणि वैद्य नाडी पाहतो तैसे या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, आणि म्हणाले, "तिसरा बोलतोय." राजे हँडलास गेले. "सहा उघडा!" "तीन मिटला!" फट नीट जाहली, चहा जाहला, रविवार गोड जाहला. फक्त जाताना मिस्त्री आपल्या बोटांकडे पाहत गेले, ते राजांनी पाहिले आणि न पाहिल्यासारखे केले. पुढल्या खेपेस सातवा दरवाजा वाजला. त्यापुढे पुन्हा तिसरा.

त्या तिसऱ्या खेपेस मिस्त्रींनी नट कसावयास घेतला आणि मध्येच पाना खाली ठेविला. म्हणाले, "साहेब, ह्यो नट मी माझ्या हातानं कसलेला. चाळीस वरसं इंजिनं बांधली, माझा नट कधी सुटला न्हाई. आता हातावर भरवसा न्हाई राहिला. भाच्याला सांगितलंय, गॅरेजची चावी घे म्हणून. मी आपला घरी बसतो." राजांचे हात हँडलावर होते ते तेथेच राहिले. मनात आले की गप्प राहिलो तर मिस्त्री घरी बसतील, बोललो तर मिस्त्री येणार नाहीत. रविवार दोहींकडून गेला. तेव्हा बोलिले, "मिस्त्री, नट सुटला नव्हता. मी ढिला केला."

"आं?"

"पान्यानं. तिन्ही वेळा."

"कशापायी ओ?"

"तुम्ही यावं म्हणून."

मिस्त्रींचा चेहरा तांबडा जाहला. "मग माणूस बोलवावा तसं बोलवायचं की!"

"बोलावलं. माणूस बोलावला तर 'बघू की' म्हणतो. मिस्त्री बोलावला तर अर्ध्या तासात येतो."

"लई हुशार! हिकडं माझी झोप उडाली. बायको म्हनती कान तपासून या. कानात मशीन बसवायला निघालो हुतो मी, साहेब! तुमच्या चहापायी!" ऐसे म्हणोन मिस्त्रींनी, रागातच, परंतु फट दोनदा मापून, तिसऱ्याचा नट कसला, झाकण लाविले, पिशवी भरिली आणि निघोन गेले. मडगार्डवर त्यांचा चहा होता त्यावर साय धरली.

मग रविवार आला आणि कोणी आले नाही. राजांनी इंजिन चालू केले. आठही दरवाजे चूप, ऐसे निर्दोष इंजिन, आणि ऐकणारा एक. पाना भिंतीवर खिळ्यास होता. राजे त्याचेपुढे बराच वेळ उभे राहिले, हातही गेला, आणि मग हात खिशात घालून घरात आले. त्यापुढचा रविवारही तैसाच.

मग एके दिवशी, रविवार नसता, भर दुपारी फाटक वाजले. बाबालाल मिस्त्री. पिशवी नव्हती. मिस्त्रींस पिशवीवाचून कोणी पाहिले नव्हते, लग्नाच्या पंगतीतही ती मांडीखाली असे; त्यामुळे रिकाम्या हातांचे काय करावे ते त्यांस उमगेना. म्हणाले, "हिकडनं चाललो हुतो." राजांचे घरापुढे रस्ता संपतो, पलीकडे ओढा; राजांनी आत जाऊन फळीवरचा कप सुलटा केला. मग दोघे शेडीत खुर्च्या टाकून बसले. बॉनेट मिटलेले, आणि बोलावयास काही नाही. राजे म्हणाले, "चावी दिली भाच्याला?" "दिली. मग परत मागून घेतली." मग मिस्त्री म्हणाले, "चालू करा जरा."

"आवाज नाही आता."

"न्हाई तोच ऐकायचा हाय."

मग राजांनी इंजिन चालू केले, आणि दोघे माना तिरक्या करून, नसलेली टिकटिक मन लावून ऐकत बसले, चहा संपेतोवर. मिस्त्री उठले तेव्हा राजांनी धीर करून पुसिले, "रविवारी याल?" मिस्त्री म्हणाले, "बघू की." आणि भिंतीवरचा पाना खिळ्यावरून काढून आपल्या खिशात घातला. "ह्यो माझ्याकडं ऱ्हाऊ दे. लागला तर मी घेऊन येतो."

येणेप्रमाणे मजकूर. सांप्रत राज्यात दरवाजे आठ, आठही निःशब्द, पाना परराज्यात, आणि कप दोन, पैकी एक रविवारपर्यंत पालथा असतो. इतके लिहून लेखणी ठेविली.