गारव्याचे गिऱ्हाईक

इंदिरानगरात गोदासंगम मॉल सुरू झाला तेव्हा नाशिकच्या प्रगतीत एकाच गोष्टीची उणीव होती, ती म्हणजे सरकता जिना. उद्घाटनाच्या दिवशी ती भरून निघाली. पहिल्या आठवड्यात काही लोक जिन्यापाशी चपला काढून वर जात आणि वर पोचल्यावर चपला आठवून पुन्हा खाली येत. व्यवस्थापनाने या ये-जा करण्याची नोंद 'उत्स्फूर्त प्रतिसाद' अशी केली.

हा प्रतिसाद पाहूनच ज्योत्स्ना धात्रक यांनी मेनरोडवरचा आपला गाळा विकला. शाली आणि चादरींचे ते दुकान सासऱ्यांच्या काळापासूनचे. जागा अडचणीची, समोर कायम कोणाची तरी गाडी लावलेली, पण चालत होते. मॉलचे व्यवस्थापक कुंदन खैरनार यांनी त्यांना पहिल्या मजल्यावरचा काचेचा गाळा दाखवला.

"मॅडम, इथे तुम्हाला फूटफॉल मिळेल."

"म्हणजे काय?"

"दारातून रोज किती लोक आत आले, ते मशीन मोजतं."

"आणि पिशवी घेऊन किती बाहेर गेले, ते?"

"त्याचं मशीन अजून आलेलं नाही," कुंदन म्हणाले.

ज्योत्स्नाबाईंनी नऊ वर्षांचा करार केला.

लोक आले, हे मान्य करावे लागेल. त्यांत सर्वांत नियमित होते भिमाजी पगार. नाशिक रोडच्या प्रेसमधून ते निवृत्त झाले होते. चौतीस वर्षे नोटा छापूनही त्या खर्च करण्याची वाईट सवय त्यांना लागली नव्हती. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले होते, बाहेर ऊन होते आणि मॉलमध्ये एसी होता. मॉल दहाला उघडत असल्याने सकाळ दहा वाजता सुरू होते, असे त्यांनी ठरवून घेतले. महिन्याभरात त्यांच्यामागे चाळीस माणसे चालू लागली. वर्षभरात 'गोदासंगम पदभ्रमण मंडळ' रीतसर नोंदवले गेले.

मंडळाच्या मागण्या वाजवी होत्या. गाणी बंद करावीत, त्याने पावलांचा ताल चुकतो. बाके ठेवावीत. कपड्यांच्या दुकानाबाहेरच्या बाहुल्या आत घ्याव्यात, कारण वळणावर खांदा लागतो. कुंदन यांनी सगळे मान्य केले, कारण मशीनवरचा आकडा दर महिन्याला वाढत होता आणि तो थेट मुंबईच्या मुख्य कार्यालयात जात होता.

गाळ्यांचे भाडे त्या आकड्याशी जोडलेले होते. चालणारे वाढले तसे भाडे वाढले. भाडे वाढले तशी दुकाने बंद झाली. आधी बूट, मग चष्मे, मग पिझ्झा. दुकाने बंद झाली तसा चालायला रस्ता मोकळा झाला आणि चालणारे आणखी वाढले. प्रत्येक शटर पडले की मंडळ व्यवस्थापनाचे लेखी आभार मानी. कुंदन यांना कंपनीचा पश्चिम विभागाचा पुरस्कार मिळाला.

सातव्या वर्षी मॉलमध्ये ज्योत्स्नाबाई एकट्या उरल्या. जायचे कुठे, हा प्रश्न होता. मेनरोडचा गाळा गेला होता. घरी कोणी काही बोलत नसे, आणि त्याचाच त्यांना जास्त त्रास होई. शेवटी त्या कुंदन यांच्याकडे गेल्या.

"मला मोकळं करा."

कुंदन यांचा चेहरा उतरला. "मॅडम, असं करू नका. परवान्यात अट आहे. एक तरी दुकान चालू असेल तरच याला मॉल म्हणता येतं. मॉल म्हणता आलं नाही, तर एसी लावता येत नाही."

"पण माझं दुकान चालत नाहीये."

"चालायची अट नाही. उघडं असायची आहे."

ही वार्ता मंडळात पोचली आणि ज्योत्स्नाबाईंचा मान एकदम वाढला. सभासद रोज दुकानात डोकावू लागले, तब्येतीची चौकशी करू लागले. एकीने तुळशीचा काढा आणून दिला. लोक शाली उलगडत, गालाला लावून पाहत, भाव विचारत, फोटो काढत आणि उरलेल्या फेऱ्या पुऱ्या करायला निघून जात. बाईंना वाटले, आज ना उद्या घेतील. आठवे वर्ष तसेच गेले.

मग मंडळाने त्यांचा जाहीर सत्कार ठरवला. सरकत्या जिन्याशेजारी खुर्च्या मांडल्या. "ताई आहेत म्हणून आपण आहोत," भिमाजी म्हणाले आणि नारळ देऊन त्यांनी बाईंच्या खांद्यावर शाल घातली.

बाईंची बोटे सवयीने काठावर गेली.

"भाऊसाहेब, ही कुठून आणली?"

"मागवली. कालच घरपोच आली."

"माझं दुकान इथेच आहे. पंधरा पावलांवर."

"तुमच्याच दुकानातून घ्यायची आणि तुम्हालाच द्यायची, ते बरं दिसलं नसतं," भिमाजी समजुतीच्या सुरात म्हणाले. "शिवाय पोत, रंग, सगळं तुमच्याकडेच पाहून ठरवलं ना. तुमचं मार्गदर्शन नसतं तर फसलो असतो."

टाळ्या झाल्या. ज्योत्स्नाबाईंना रडू येईल असे वाटले होते, पण आले हसू, आणि ते बराच वेळ थांबेना. त्यांनी शाल काढून नीट घडी घातली, भिमाजींच्या हातात परत दिली आणि जाऊन शटर ओढले.

"करार संपायला अजून सात महिने आहेत," कुंदन मागून म्हणाले.

"असू द्या. फूटफॉलमधून वळते करून घ्या."

आता त्यांचे दुकान मखमलाबाद नाक्याजवळ पत्र्याच्या गाळ्यात आहे. काच नाही, एसी नाही, पंखा आवाज करतो. थांबण्यासारखे काहीच नसल्याने लोक वस्तू घेतात आणि जातात. धंदा बरा आहे.

मॉलला मात्र कुलूप लागले, आणि शहर हळहळले. 'नाशिकची ओळख पुसली जात आहे, स्थानिक व्यापार वाचलाच पाहिजे' असे मंडळाचे निवेदन सध्या सगळीकडे फिरते आहे. सहीसाठी दुकानात जावे लागत नाही, मोबाईलवर बोट टेकवले की झाले. आपण टेकवले असेलच. नसेल, तर आधी दाराशी पार्सल घेऊन उभा असलेल्या माणसाला मोकळे करा, आणि मग सावकाश टेकवा.